दोष रुग्णांचा नव्हे

मुंबईतील केईएम, शीव, नायर किंवा कूपर रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री नऊच्या सुमारास गेले, तर तिथे दोन प्रकारचे रुग्ण दिसतात. स्ट्रेचरवर रेल्वे अपघातातला जखमी असतो, छातीत कळ आलेले गृहस्थ असतात. त्यांच्याच शेजारी तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेली आई, जुलाबाने गळून गेलेला मजूर आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या आजीबाई ताटकळत असतात. या किरकोळ आजारांच्या गर्दीमुळे अत्यवस्थ रुग्णांची आबाळ होते, अशी ओरड नेहमीची आहे. पण त्या आईपुढे दुसरा कोणता पर्याय असतो, हे ओरडणाऱ्यांनी सांगावे.

ओपीडीचा केसपेपर सकाळी काढावा लागतो. हातावर पोट असलेल्याने त्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. खासगी डॉक्टरची फी आणि बाहेरची औषधे परवडत नाहीत. तेव्हा काम उरकून घरी आल्यावर ज्या दारात आपल्याला नक्की कोणीतरी तपासेल, तिथेच माणूस जाणार. हा त्याचा अडाणीपणा नाही. प्राथमिक आरोग्यसेवेची वेळ त्याच्या आयुष्याशी जुळत नाही, हे खरे कारण आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ योजनेने ही नस बरोबर पकडली. सकाळी 7 ते दुपारी 2 आणि दुपारी 3 ते रात्री 10 अशी वेळ, मोफत तपासणी व औषधे, शिवाय 147 चाचण्यांची सोय, हे स्वागतार्हच होते. मात्र फलकावरची वेळ पाळली गेली तरच तिला अर्थ आहे. रात्री नऊ वाजता डॉक्टर खुर्चीत नसेल किंवा औषध ‘बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागले, तर तो रुग्ण पुढच्या खेपेला थेट कॅज्युअल्टी गाठेल. कंत्राटावरचे डॉक्टर सतत बदलत राहिले, तर मधुमेहाच्या रुग्णाचा पाठपुरावा कोण करणार?

अशा सुधारणेचा परिणाम काय होतो, याचा अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आहे. ग्रेटर मँचेस्टरमधील काही दवाखाने 2013 च्या अखेरीपासून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी उघडे ठेवले गेले. त्यांच्या रुग्णांचे किरकोळ तक्रारींसाठी आपत्कालीन विभागात जाणे सुमारे 26 टक्क्यांनी घटल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आपत्कालीन विभागातल्या एकूण रुग्णसंख्येत मात्र लक्षणीय फरक पडला नाही आणि वाचलेल्या पैशातून वाढीव खर्चही भरून निघाला नाही. यातून दोन गोष्टी शिकायच्या. सोयीच्या वेळेचा दवाखाना लोक खरोखर वापरतात. पण त्याच्या भरवशावर मोठ्या रुग्णालयांच्या निधीला कात्री लावता येत नाही. अत्यवस्थ रुग्ण वॉर्डात किंवा आयसीयूत खाट रिकामी होईपर्यंत कॅज्युअल्टीतच पडून राहतो. ती कोंडी दवाखान्यांनी फुटणार नाही. त्यासाठी खाटा आणि परिचारिका वाढवाव्याच लागतील.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील निधीचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याची दिशा घालून दिली. महापालिका आणि राज्य सरकारने ती अर्थसंकल्पात उतरवावी. दवाखान्यांत कायमस्वरूपी डॉक्टर नेमावेत, औषधांचा साठा रोज तपासावा आणि दवाखान्यातली नोंद रुग्णालयातल्या डॉक्टरलाही दिसेल, अशी व्यवस्था करावी. मोठ्या रुग्णालयांच्या आवारातच रात्रीचा दवाखाना सुरू करावा, म्हणजे कॅज्युअल्टीत आलेल्या किरकोळ रुग्णाला माघारी न धाडता दोन पावलांवर उपचार मिळतील. संध्याकाळी कोणत्या दवाखान्यात किती रुग्ण आले आणि कॅज्युअल्टीतले किती कमी झाले, याचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. लोकांना शिस्त लावण्याची भाषा करण्यापूर्वी प्रशासनाने एवढे करून दाखवायलाच हवे.