चिंध्या कोण वेगळ्या करतं?

प्राथमिक शाळेत शाश्वतता शिकवायची म्हणजे जुन्या टीशर्टची पिशवी शिवून घ्यायची, असा समज रूढ झाला आहे. पानिपतमध्ये तर मला हे फारच विचित्र वाटतं. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे इथे गाठोड्यांनी येतात. रंग निवडून, बटणं-चेन काढून, फाडून त्यांचं पुन्हा सूत होतं, सुताची स्वस्त ब्लँकेटं. निवडणाऱ्या-कापणाऱ्या बहुतेक बाया. दलित आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांतल्या पुष्कळ. तंतूंची धूळ त्यांच्या छातीत जाते. पुनर्वापराचा धडा त्यांच्या मुलांना कुणी वेगळा शिकवायची गरज आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितला. पुढे एनसीईआरटीच्या पाचवीच्या ‘आस-पास’मध्ये ‘कौन करेगा यह काम?’ हा धडा आला. त्यात सफाई कामगारांशी बोलणं होतं, आणि लहानग्या भीमरावांचा गोरेगावचा प्रवासही. दहा वर्षांच्या मुलाला अस्पृश्यता कळते, हे त्या धड्याने गृहीत धरलं होतं.

पानिपतच्या गुरुजींनी तोच प्रश्न गोदामापर्यंत न्यावा. हे कपडे कोण फाडतं? रोजंदारी किती मिळते? आणि नेमके हेच लोक का?