नकारापूर्वीची सुनावणी

पुण्याकडून येणाऱ्या वाटसरूला नीरा ओलांडताच सातारा जिल्ह्याची जी पहिली मोठी वस्ती लागते, त्या शिरवळच्या परिसरात गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी शेतीवर निर्वाह करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना महिन्याचा पगार दिला, आणि पगाराबरोबर एक नवे दफ्तरही त्यांच्या घरात आणले: कोणाकडे ईएसआयचे कार्ड, कोणाकडे कंपनीने काढून दिलेला सामूहिक मेडिक्लेम, आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी शिधापत्रिकेवर मिळणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. या तिन्ही व्यवस्थांत पैसा येण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. परंतु उपचाराचा खर्च मंजूर करावयाचा की नामंजूर, हे ठरण्याच्या घटकेला खुद्द आजारी माणसाचे म्हणणे विचारण्याची रीत त्यांपैकी एकीतही रूढ नाही. ही उणीव मला इतकी मूलभूत वाटते की विम्याची रक्कम पाच लाख असावी की दहा लाख, हा वाद तिच्यापुढे गौण ठरावा.

निर्णय होतो तो असा. रुग्ण पुण्याच्या इस्पितळात दाखल झाला की तेथील विमा-कक्ष कागद पाठवितो. ते कागद विमा कंपनीच्या, किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीएच्या कचेरीत असा एक डॉक्टर वाचतो, ज्याने त्या रुग्णाची नाडी कधी पाहिलेली नसते. आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला एवढेच कळते की ‘क्वेरी आली आहे’. ही क्वेरी पुष्कळदा जुन्या आजाराविषयी असते. मध्यरात्री छातीत कळ येऊन आणलेल्या माणसाच्या केसपेपरवर, घाबरलेल्या मुलाने अंदाजाने उच्चारलेले ‘शुगर असेल आठ-दहा वर्षांपासून’ हे वाक्य निवासी डॉक्टर घाईत जसेच्या तसे उतरवून घेतो, आणि तीच नोंद पुढे, पॉलिसी घेताना आजार लपविल्याचा पुरावा म्हणून, दाव्याच्या विरुद्ध उभी राहते. शुगर प्रथम केव्हा आढळली, कोणत्या दवाखान्यात आढळली, त्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट घरात कोठे ठेवला आहे, हे सांगू शकणारे माणूस खाटेवर किंवा बाकावर हजर असते. त्याला तेवढे कोणी विचारीत नाही. कागद वाचणाऱ्या डॉक्टरच्या सद्हेतूविषयी मी शंका घेत नाही. परंतु केवळ एका कागदावरून दिलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी तो अपुऱ्या माहितीवरचाच निर्णय राहतो.

ज्या शिरवळला सुभानमंगळाचा कोट होता, त्या मुलखाला तरी दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निवाडा करू नये हे तत्त्व परके नसावे. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वादी आणि प्रतिवादी अशा दोघांच्याही तकरिरी लिहून घ्यावयाच्या, निवाडा मान्य करू अशी राजीनामापत्रे घ्यावयाची, साक्षीपुरावा पाहावयाचा आणि मगच निवाडा सांगावयाचा, अशी पद्धत होती. पाटीलकीच्या मानपानासाठी जी सुनावणी आवश्यक मानली गेली, ती हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अनावश्यक कशी मानता येईल?

नकारानंतर दाद मागण्याची सोय नाही असे नव्हे. विमा लोकपालाची कचेरी पुण्यास आहे, तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. खंबाटकीचा घाट ओलांडला की साताऱ्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तेथवर पोहोचेपर्यंत इस्पितळाचे बिल दागिना गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून भरून झालेले असते. २००९ मध्ये अमेरिकेला जाताना प्रवासापुरता मेडिक्लेम घेतलेल्या एका गृहस्थांना तेथे पोहोचताच हृदयविकाराने गाठले. मधुमेहाची माहिती त्यांनी आधीच दिलेली असूनही आजार लपविल्याच्या कारणावरून दावा फेटाळला गेला, आणि ज्या आजाराची कल्पना असूनही पॉलिसी दिली त्याच आजाराच्या सबबीवर दावा नाकारता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या पदरात पडला तो ६ डिसेंबर २०२१ रोजी. बारा वर्षांनी मिळालेला न्याय हा न्याय खरा. पण औषधाच्या वेळी त्याचा उपयोग नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने पुष्कळ सुधारणा केली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. कॅशलेसच्या मागणीवर एका तासात निर्णय द्यावा, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांहून अधिक खोळंबा करू नये, दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला द्यावा, आणि दावे-पुनरावलोकन समितीच्या संमतीवाचून कोणताही दावा फेटाळू नये, असे त्यात सांगितले आहे. मात्र ती समिती कंपनीचीच असते. रुग्णाच्या बाजूने बोलणारा कोणी तिच्यात बसावा, अशी अट नाही. दार उघडले गेले, पण आत जाण्याचा परवाना कोणाला दिलेला नाही.

असा परवाना देणे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी ईएसआयचा १९४८ चा कायदा आठवावा. त्या कायद्याने महामंडळावर मालकांच्या प्रतिनिधींबरोबर कामगारांच्या प्रतिनिधींनाही जागा दिली. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडून कामगार मेडिक्लेमच्या कक्षेत गेला की पगार वाढतो, पण ती जागा मागे राहते. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली नीरेपलीकडच्या पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा जनसुनवाईत खेड्यातल्या बायकांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपले अनुभव सांगितले आणि अधिकाऱ्यांना त्यांची उत्तरे द्यावी लागली. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य-संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मंडळावर नागरी संघटनांना स्थान दिले आणि दरवर्षी लोकांचे ऐकण्याची तरतूद केली. तेथे प्रारंभी वगळलेले डायलिसिस, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपली बाजू चिकाटीने लावून धरल्यानंतर, २००८ पासून योजनेत आले.

खोट्या दाव्यांचे आणि फुगविलेल्या बिलांचे भय अवास्तव नाही, आणि त्या लुबाडणुकीचा भार शेवटी सर्वांच्या हप्त्यावर पडतो हेही खरे. परंतु न झालेल्या तपासण्यांचे पैसे बिलात लावले गेले असतील तर ते प्रथम कळते रुग्णालाच, म्हणून त्याचे ऐकण्यात कंपनीचेही हितच आहे. नकार देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरशी आणि रुग्णाशी किंवा त्याच्या घरच्यांशी फोनवर मराठीत बोलणे बंधनकारक असावे. नकार कायम राहिला तर बाहेरचा एक डॉक्टर आणि विमाधारकांचा एक प्रतिनिधी असलेल्या समितीने एका दिवसात फेरविचार करावा. जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या उपचारांची यादी पुढे जेव्हा सुधारली जाईल, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात आधी जनसुनवाई व्हावी. आणि शिरवळच्या कामगार संघटनांनी येत्या वेतनकरारात मेडिक्लेमची रक्कम मागण्यापूर्वी पॉलिसीचा मसुदाच मराठीत मागवून घ्यावा, खोलीभाड्याची मर्यादा आणि वगळलेल्या आजारांची कलमे सभासदांपुढे वाचून दाखवावीत, आणि नाकारलेल्या प्रत्येक दाव्याच्या फेरविचारात संघटनेचा माणूस बसेल असे कलम करारात घालून घ्यावे.