सुडोचा पासवर्ड नाही, तरी रूट? लॅबच्या पीसीवाल्यांनी हे वाचाच

अकोल्याचा माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, लॅबच्या पीसीवर आम्हाले सुडोचे राइट्सच देत नाहीत. मंग त्या बगचं आम्हाले काय?" गंमत अशी, की तो बग राइट्स नसलेल्यांच्याच कामाचा होता.

लिनक्समध्ये रूट हा युजर सगळ्या मशीनचा मालक. त्याचा पासवर्ड सगळ्यांना वाटण्यापेक्षा सुडो एक यादी ठेवतो: कोणी, कुठली कमांड रूट म्हणून चालवायची. ही सोय १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात तयार झाली, म्हणजे एकाच मशीनवर अनेक जण बसायचे अशाच ठिकाणी. पण यादी तपासायच्या आधीच सुडो स्वतः रूट म्हणून सुरू झालेला असतो. गोम इथेच आहे.

सुडोला एक पर्याय देता येतो: 'हा फोल्डर म्हणजेच पूर्ण डिस्क आहे असं समज.' जून २०२३ च्या १.९.१४ पासून सुडो यादी तपासून व्हायच्या आतच त्या फोल्डरमध्ये शिरू लागला. तिथे तुम्ही स्वतःची सेटिंग फाइल आणि लायब्ररी ठेवलेली असेल, तर सुडो ती रूटच्या अधिकाराने लोड करायचा. वॉचमनने पास बघायचा सोडून तुम्हीच आणलेलं रजिस्टर उघडावं, तसं. पासवर्डचा प्रश्नच नाही.

स्ट्रॅटास्केलच्या रिच मर्च यांनी हे शोधलं, ३० जून २०२५ ला ते जाहीर झालं आणि १.९.१७पी१ मध्ये दुरुस्ती आली. गंभीरता १० पैकी ९.३. सप्टेंबरअखेर अमेरिकेच्या 'सिसा' या सरकारी संस्थेने, याचा वापर करून खरेच हल्ले होत आहेत, अशी नोंद केली.

जुनं उबुंटू २२.०४ यातून वाचलं, नवं २४.०४ सापडलं. म्हणून 'जुनं तेच बरं' म्हणू नका. २०२१ मध्ये क्वालिसने (हो, पुण्यात ऑफिस असलेलीच) शोधलेला सुडोचा दुसरा बग जवळपास १० वर्षं लपून होता.

लॅबमध्ये नुकसान काय? मी अमरावतीत शिकताना आमच्या लॅबचे अपडेट मुद्दाम बंद असायचे, प्रॅक्टिकलच्या दिवशी काही बिघडू नये म्हणून. अशा पीसीवर एक पोरगा रूट झाला, की बाकीच्यांच्या फाइल्स त्याच्या. तुम्ही टाइप केलेला जीमेलचा पासवर्डही तो टिपू शकतो. आणि 'करून तर बघू' असा विचार असेल, तर आयटी कायद्याचं कलम ६६ आठवा: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या फोनला याचा धोका नाही. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असला तरी त्यात सुडो येतच नाही, प्रत्येक अ‍ॅप वेगळा युजर म्हणून कोंडलेलं असतं. रूट केलेल्या फोनची गोष्ट वेगळी. तिथे काही बँकिंग अ‍ॅप्स चालायलाच नकार देतात.

नुसता व्हर्जन नंबर बघून फसू नका. २४.०४ वर दुरुस्तीनंतरही १.९.१५पी५ च दिसतो, म्हणून अपडेटची तारीख बघायची. भावाने लॅब असिस्टंटला विचारलं. शेवटचं अपडेट फेब्रुवारी २०२५ चं निघालं.