गणित अवघड की भाषा?

आमच्या गोव्यातल्या मराठी-कोकणी शाळांतून चौथी संपवलेली मुले पाचवीत गेली की बहुतेकांचे माध्यम एकदम इंग्रजी होते. कालचा अपूर्णांक आज ‘फ्रॅक्शन’ होतो, छेदाचा ‘डिनॉमिनेटर’ होतो. मूल गोंधळते आणि आपण निकाल देऊन टाकतो, "याचे डोके गणितात चालत नाही!"

१/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणारी मुले हायस्कुलातही सापडतात. २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला तर ती घटेल कशी? हे मुलाला त्याच्या भाषेत कुणी विचारतच नाही. मग उरते ती घोकंपट्टी. हायस्कुलात सूत्रे पाठ, कॉलेजात ‘इंपॉर्टंट’ प्रश्न पाठ.

उपायाला फारसा खर्च नाही. पाचवी ते आठवीच्या वर्गांत फळ्यावर दोन्ही शब्द लिहावेत. उदाहरण सोडवण्याआधी मुलाला ते आपल्या शब्दांत सांगू द्यावे. ‘असे का?’ याच्या उत्तरालाही परीक्षेत गुण असावेत. इंग्रजी यायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण माध्यमाचा वाद घालताना आपण सगळेच मोठमोठ्याने बोलतो. त्या गदारोळात वर्गातल्या मुलाला काय कळले, हे विचारायचे मात्र राहून जाते.