'मॉरोविंड'च्या बाजूने

'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतला सर्वोत्तम खेळ कोणता, या प्रश्नाचे उत्तर हल्ली वाद न घालताच दिले जाते. उत्तर 'स्कायरिम' असते आणि पुरावा म्हणून खपाचा आकडा पुढे केला जातो. सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे निर्मात्यांनी २०२३ साली सांगितले, तेव्हा विषय संपला असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. खपावरून कादंबरीचे मोल ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वर्गात थांबवतो. वर्गाबाहेर आल्यावर खेळांच्या बाबतीत मात्र तोच निकष निमूटपणे मान्य करायचा, हे आम्हांला जमणारे नाही. या मालिकेतले सर्वोत्तम लेखन २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये आहे आणि त्यानंतरच्या दोन खेळांनी सुधारणेच्या नावाखाली वाचकाला पद्धतशीरपणे रजा दिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी यांतले काहीच खेळलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने १९९४ साली 'अरीना'पासून ही मालिका सुरू केली. पुढे 'डॅगरफॉल' १९९६ मध्ये, 'मॉरोविंड' २००२ मध्ये, 'ऑब्लिव्हियन' २००६ मध्ये आणि 'स्कायरिम' २०११ मध्ये आला. सगळ्यांची भूमी एकच, टॅम्रिएल नावाचा कल्पित खंड. 'मॉरोविंड'पासून पुढच्या तिन्ही खेळांत नायक आरंभी बंदिवान असतो आणि सुटका होताच कोणत्याही दिशेने चालू लागण्यास मोकळा असतो. मतभेद आहे तो या मोकळेपणाच्या अर्थाबद्दल.

'मॉरोविंड'चा नायक व्हार्डनफेल नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर उतरतो. हातात एक सीलबंद पाकीट असते आणि ते बालमोरा गावातल्या कायस कोसाडेस नावाच्या माणसाला द्यायचे असते. हा कायस वरकरणी व्यसनी म्हातारा आणि प्रत्यक्षात बादशहाचा हेर आहे. त्याच्या घरावर कोणताही बाण झळकत नाही. गावात शिरून लोकांना विचारावे लागते. पुढे एका प्राचीन अवशेषातून एक यांत्रिक पेटी आणायची असते. वाट एक पंडित तोंडी सांगतो आणि ती रोजनिशीत उतरते: गावाबाहेर पडा, मूनमॉथ किल्ला गाठा, पुढे लाव्हाने कोरलेल्या घळीवरचा जुना पूल शोधा. पूल ओलांडून दारापाशी पोचले तरी दार उघडत नाही, कारण त्याची कळ दारावर नसून जवळच्या एका नळावर बसवलेली आहे. जवळजवळ सगळे संवाद लिखित आहेत. एखादे वाक्य घाईत वाचले तर दिवसभर रानात भटकावे लागते. कधी सांगणाऱ्यानेच दिशा चुकीची सांगितलेली असते, आणि हे खेळाचे न्यून की त्या समाजाचे वास्तव, याचा निर्णय आपला आपल्यालाच करावा लागतो. (आमच्याकडे पत्ता सांगणाऱ्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना यात काही अवास्तव वाटू नये.)

'ऑब्लिव्हियन'ने होकायंत्रावर बाण आणला. कुठे जायचे ते बाण सांगतो. माणसे काय बोलली ते ऐकले नाही तरी चालते. मोठ्या शहरांत तर पहिल्यापासूनच नकाशावर बोट ठेवून क्षणात पोचता येते. 'स्कायरिम'ने हीच सोय आणखी गुळगुळीत केली. यावर ठरलेले उत्तर असते, 'नको असेल तर बाण बंद करा.' हे उत्तर देणाऱ्यांनी तो एकदा बंद करून पाहावा. 'स्कायरिम'मधली बहुतेक पात्रे वाट सांगतच नाहीत, रोजनिशीतली नोंदही एखाद्या ओळीची असते. बाण काढला की खाली संहिताच उरत नाही. ज्याला ऐच्छिक सोय म्हटले जाते ते वस्तुतः संपूर्ण लेखनपद्धती बदलल्याचे लक्षण आहे: वाचले जाणार नाही हे गृहीत धरूनच पुढचे सारे लिहिले गेले.

तरीही हा मुद्दा दुय्यम आहे. 'मॉरोविंड'ची खरी थोरवी आम्हांला दिसते ती त्याच्या कथेच्या गाभ्याशी असलेल्या पाठभेदांत. नेरेव्हार नावाचा प्राचीन सेनानी लाल पर्वताच्या युद्धात कसा मेला? मंदिराच्या अधिकृत कथेनुसार त्याला वीरमरण आले. राखेच्या प्रदेशातल्या भटक्या जमातींच्या मौखिक परंपरेनुसार त्याच्याच तिघा सल्लागारांनी त्याचा खून केला आणि पर्वतातल्या एका देवाच्या हृदयातून शक्ती चोरून ते स्वतः देव झाले. त्या तिघांपैकी एक अजून जिवंत आहे आणि त्याच्या नावाच्या शहरात राहतो. त्याचे नाव व्हिवेक (मराठी कानाला ते 'विवेक' असे ऐकू येते, आणि त्याच्या करणीकडे पाहता हा योगायोग फारच बोचरा आहे). त्याला समोरासमोर विचारता येते. तो स्वतःची तिसरी हकीकत सांगतो: खुनाचा आरोप त्याला मान्य नाही, शपथभंगाचा मान्य आहे. मंदिरातलेच बंडखोर पुजारी दडवलेली कागदपत्रे जपून आहेत, ती आणखी निराळे काही सांगतात. खेळ यांपैकी एकाही पाठावर शिक्कामोर्तब करत नाही.

याच व्हिवेकाच्या नावावर छत्तीस प्रवचनांचा एक ग्रंथ खेळाच्या जगात विखुरलेला आहे. तो मायकल कर्कब्राइड या लेखकाने लिहिला. गूढ, कुठे विक्षिप्त तर कुठे मुद्दाम फसवा असा हा गद्यग्रंथ एका दमात वाचता येत नाही. एकोणतिसाव्या प्रवचनात अंकांची एक यादी आहे. ते अंक किल्लीसारखे वापरून प्रत्येक प्रवचनातला एकेक शब्द उचलला की त्या शब्दांतून खुनाचा कबुलीजबाब तयार होतो. तोंडाने नाकारलेले पाप देवाने आपल्याच स्तुतिग्रंथात पुरून ठेवले आहे आणि ते उकरायचे की नाही हे वाचकावर सोडले आहे. ते न उकरताही खेळ पूर्ण होतो, कोणतेही बक्षीस हुकत नाही. अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तिचे इतके चोख उदाहरण आमच्या अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल.

नायकाच्या बाबतीतही तेच. त्या पाकिटातला सांकेतिक मजकूर उलगडला की कळते, नेरेव्हारच्या पुनर्जन्माच्या भाकितातल्या अटी वरवर पूर्ण करणारा कैदी बादशहाला हवा होता, म्हणून त्याला सोडले. अमुक तिथीचा जन्म, अज्ञात मातापिता, झाले. नायक अवतार आहे की साम्राज्याच्या कामी येणारा तोतया? जमातीची जाणती स्त्री सांगते की तू तो नाहीस, तू तो होऊ शकशील असा आहेस. पुढे ज्या गुहेत अवतारत्वाची परीक्षा होते, तिची जागा एका कूट कवितेतून शोधावी लागते, आणि तिचे दार पहाटे व सायंकाळीच उघडते. आत याआधी याच वाटेवर निघून अपयशी ठरलेल्यांचे देह बसलेले आहेत. त्यांचे भूत होऊन बोलणे ऐकताना नायकाच्या विशेषत्वाचा सगळा तोरा उतरतो.

याच्यापुढे 'स्कायरिम' ठेवा. तिथे पहिल्या काही तासांतच एक ड्रॅगन मरतो, त्याचा आत्मा नायकात शिरतो आणि आसपासचे शिपाई त्याला ड्रॅगनवंशी म्हणून ओळखतात. संशयाला जागाच नाही. मग सारे जग त्याच्या सेवेला उभे राहते. चार मंत्र जेमतेम येणारा मल्ल जादूच्या विद्यापीठाचा कुलगुरू होतो, तोच चोरांचा म्होरक्या होतो, तोच मारेकऱ्यांचा प्रमुख. 'मॉरोविंड'मध्ये संघात बढती हवी तर त्या विद्येत गती दाखवावी लागते. तीन महाघराण्यांपैकी एकाचे सदस्यत्व घेतले की उरलेल्या दोघांचे दार बंद होते. टेल्व्हानी या जादूगार घराण्याच्या मनोऱ्यांना तर वर जायला जिनाच नाही. ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याने खालीच थांबावे. या उद्दाम वास्तुरचनेतून घराण्याचा जो स्वभाव कळतो तो पानभर वर्णनाने कळला नसता. पुढच्या खेळांत तरंगण्याचा मंत्रच काढून टाकला.

'ऑब्लिव्हियन'वर फार शब्द खर्च करावेत असे आम्हांला वाटत नाही. १९९८ साली आलेल्या साम्राज्याच्या छोट्या मार्गदर्शिकेत ज्या सिरोडिल प्रांताचे वर्णन घनदाट उष्ण जंगल म्हणून केले होते, तो २००६ मध्ये मध्ययुगीन युरोपातल्या नेटक्या वनराईसारखा होऊन समोर आला, एवढे सांगितले तरी कल्पनाशक्तीची दिशा कळावी. पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज बादशहाला लाभला खरा, परंतु बाकी साऱ्या प्रांताला मोजक्याच आवाजांत बोलावे लागले. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करायचे ठरले की वाक्ये कमी होतात, हा साधा हिशेब आहे. २०२५ मध्ये हाच खेळ नव्या रंगरूपात पुन्हा आला. चित्रे देखणी झाली, वाक्ये होती तेवढीच राहिली.

आणखी एक बदल आम्हांला सर्वांत लक्षणीय वाटतो. 'मॉरोविंड'मध्ये कथेला अत्यावश्यक असलेल्या माणसालाही ठार मारता येते. तसे केले की नियतीचा धागा तुटल्याची सूचना येते: जुन्या टप्प्यावर परत जा, किंवा तुम्हीच घडवलेल्या या अभागी जगात राहा. फार चिवट खेळाडूंसाठी एक आडवाटही ठेवली आहे, शेवटच्या जिवंत ड्वेमर कारागिराच्या मदतीने. पुढच्या दोन खेळांत अशी पात्रे तलवारीचे घाव खाऊन बेशुद्ध पडतात किंवा गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतात. ज्या जगात चूक करण्याची मुभा नाही, त्याला स्वातंत्र्याचे जग कसे म्हणावे?

'स्कायरिम'मध्ये चांगले काहीच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बंडखोर नेता उल्फ्रिक याच्याविषयीची शत्रूच्या दप्तरातली फाइल, किंवा मार्कार्थ शहराच्या पाडावाची त्याला दोषी धरणारी हकीकत, यांत मालिकेचा जुना बाणा दिसतो. दुःख एवढेच की अशा गोष्टी कडेला पडून आहेत. फाइल वाचली काय न वाचली काय, उल्फ्रिकशी त्याबद्दल बोलण्याची सोय खेळात नाही.

स्मरणरंजनाचा आरोप अपेक्षितच आहे. 'तुम्ही तरुणपणी खेळलात म्हणून तुम्हांला आवडतो' हे विधान मानसशास्त्र म्हणून ठीक असेल, समीक्षा म्हणून ते निरुपयोगी आहे. 'मॉरोविंड'चे दोष आम्हांला दिसतात. तलवार समोरच्याच्या छातीतून गेलेली डोळ्यांना दिसते आणि फाशांचा हिशेब सांगतो की वार चुकला. उडत्या हिंस्र प्राण्यांचा छळ तर पुराणप्रसिद्ध आहे. तरीही त्याच खेळाच्या मुख्य भूमीचा उरलेला भाग उभारण्याचे काम 'टॅम्रिएल रीबिल्ट' नावाचा हौशी मंडळींचा गट विसाहून अधिक वर्षे विनामूल्य करतो आहे. त्यात खेळ बाजारात आला तेव्हा पाळण्यात असलेले तरुणही असणार. त्यांना कसले स्मरणरंजन?

'लोकांना वाचायला नको असते' हा बाजाराचा दाखलाही आता टिकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'एल्डन रिंग'मध्ये कुणाचे काम कुठवर आले याची नोंद ठेवणारी रोजनिशीच नाही. कथा वस्तूंच्या तुटक वर्णनांतून जोडावी लागते. वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती खपल्या. खपाचा निकष आम्ही मानत नाही, पण जे मानतात त्यांनी हाही आकडा मानावा.

आता आपल्या विभागांकडे. खेळाला संहिता नसते, म्हणून तो साहित्याच्या अभ्यासात येत नाही, असे सांगणारे सहकारी आम्हांला भेटतात. 'ज्ञानेश्वरी'च्या पाठांची चर्चा शिकवणाऱ्यांनी नेरेव्हारच्या मृत्यूच्या पाठांना संहिता म्हणू नये, याचे कारण आम्हांला त्यांच्याकडून ऐकायचे आहे. आशयाचे म्हणाल तर व्हार्डनफेलमध्ये परकीय साम्राज्याला विरोध करणारा स्वकीय धर्मच गुलाम बाळगणाऱ्यांचा पाठीराखा आहे, आणि इतरत्र गुलामगिरी बेकायदा ठरवणारे साम्राज्य इथे तहासाठी तिच्याकडे डोळेझाक करते. ज्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) शिकवली आहे, आधी राजकीय की आधी सामाजिक हा वाद शिकवला आहे, त्यांना हा पेच परका वाटू नये. साम्य फार ताणण्यात अर्थ नाही, पण या पेचावर निबंध लिहू शकेल असा विद्यार्थी वर्गात बसलेला असतो आणि त्याला तो लिहिण्याची परवानगी नसते.

त्याच विद्यार्थ्याला आपण काय देतो? प्रश्नाचे उत्तर कोणत्या पानावर आहे ते दाखवणारे गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, पिढीजात नोट्स. कादंबरी न वाचता कादंबरीवरचे सोळा गुण मिळवण्याची वाट आपणच आखली आहे. 'ऑब्लिव्हियन'च्या निर्मात्यांनी होकायंत्रावर बाण आणला तेव्हा त्यांच्यापुढे निदान बाजाराची सबब होती.

मालिकेच्या सहाव्या खेळाची घोषणा २०१८ मध्ये झाली. तेव्हा दाखवलेल्या चित्रफितीत डोंगरांवरून सरकणारा कॅमेरा आणि शीर्षक एवढेच होते, संवादाचा एकही शब्द नव्हता.