सात इंचांसाठी किती मोजाल?

ऑफर लेटर आलं, व्हिसा लागला, आता फक्त तिकीट काढायचं राहिलंय. तुमच्या ग्रुपमधलं कोणी ना कोणी या टप्प्यावर असणारच. एअरलाइनच्या साइटवर तारीख टाकली की इकॉनॉमीचा आकडा दिसतो आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत दुसरा आकडा : प्रीमियम इकॉनॉमी. बिझनेस क्लासचा भाव बघून लॅपटॉपच बंद करावासा वाटतो, हा मधला भाव मात्र आवाक्यातला वाटायला लागतो. मागून बाबा म्हणतात, ‘‘एवढा खर्च झालाच आहे, त्यात हे थोडं. पहिल्यांदाच एवढ्या लांब जायचंय, आरामात जा.’’ आईही मान डोलावते. आणि बोट त्या दुसऱ्या चौकटीकडे सरकतं.

थांबा जरा. माझं मत आधीच सांगून टाकते. विशी-बाविशीतल्या धडधाकट विद्यार्थ्यानं स्वतःच्या प्रवासासाठी प्रीमियम इकॉनॉमीवर पैसे घालू नयेत. मात्र तुमच्याच घरात दोन माणसं अशी आहेत, ज्यांच्यासाठी ते जरूर घालावेत. तिकडे शेवटी येऊ.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्यामधला हा वर्ग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. तैवानची एव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक या त्यातल्या पहिल्या. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या विस्ताराने तो आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, पण तोवर एअर इंडियानंही हा वर्ग सुरू केला होता. एअर इंडियाच्या ‘ए-३५०’ विमानात एकूण ३१६ सीट्स आहेत : बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि आपल्यासारख्यांच्या २६४. एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या आपल्या ‘ए-३८०’ विमानात हा वर्ग आणला. कतार एअरवेजनं मात्र तो ठेवलेलाच नाही. म्हणजे दोहामार्गे जाणाऱ्यांचा प्रश्न परस्पर मिटला.

आता पैसे मोजून हातात काय पडतं? मुख्य म्हणजे जागा. विमानाच्या भाषेत तिला ‘पिच’ म्हणतात. तुमच्या सीटचा एक बिंदू धरा आणि पुढच्या सीटवरचा तोच बिंदू धरा, मधलं अंतर म्हणजे पिच. इकॉनॉमीत ते साधारण ३१-३२ इंच असतं. प्रीमियम इकॉनॉमीत ३८, एमिरेट्समध्ये ४०. रुंदी इंच-दीड इंचानं वाढते. पाठ थोडी जास्त मागे जाते, पाय टेकवायला आधार मिळतो, स्क्रीन मोठी असते. जेवण चिनी मातीच्या प्लेटमध्ये येतं. चेक-इनची रांग वेगळी असते आणि विमानात आधी सोडतात.

यातल्या एकेका गोष्टीला विचारा, की तू माझ्या कितपत कामाची? आधी विमानात शिरलात म्हणून आधी पोहोचत नाही, सगळ्यांची चाकं एकाच वेळी जमिनीला लागतात. तुमची बॅग पट्ट्यावर आधी आली, तरी तुम्ही अजून इमिग्रेशनच्या रांगेत ताटकळत असता आणि त्या रांगेत कुणी तुमचा क्लास विचारत नाही. जेवण चांगलं असेल, पण ते काचेच्या ग्लासासकट अर्ध्या तासात संपतं. उरतात ते सात-आठ इंच. खरा सौदा तेवढ्याचाच आहे.

आता एक तुलना करून बघा. रेल्वेनं आपण नागपूरला जातो, दिल्लीला जातो. स्लीपरमधून थर्ड एसीत गेलं की काही शे रुपये, फार तर हजारभर जास्त जातात. पण झोपायला बर्थ दोन्हीकडे असतो. पाठ टेकता येते. प्रीमियम इकॉनॉमीत हजारो रुपये जास्त मोजूनही तुम्ही बसलेलेच असता. सीट आडवी होत नाही. ती सोय बिझनेसपासून सुरू होते. जाहिरातीतल्या फोटोत डोळे मिटून हसणारी मुलगी असते, पण रात्री तीनला मान कुठे ठेवायची हा प्रश्न तिलाही पडणार आहे, फक्त थोडा कमी. हे ‘थोडा कमी’ खरं आहे, ते मी नाकारत नाही. त्याची किंमत काय, एवढंच विचारतेय.

तर किंमत बघू. तिकिटावर दिसणाऱ्या भाड्यात कर लपलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या सगळ्या वर्गांवर १८ टक्के. ‘प्रीमियम इकॉनॉमी’ या नावात इकॉनॉमी असलं तरी कराच्या हिशेबात ती बिझनेसच्या पंगतीला बसते. समजा, मूळ भाडं इकॉनॉमीत ५० हजार आणि प्रीमियममध्ये ८० हजार आहे. हे आकडे नुसते गणितासाठी घेतलेत. इकॉनॉमीवर जीएसटी होतो अडीच हजार आणि प्रीमियमवर १४ हजार ४००. म्हणजे ३० हजारांचा फरक जवळजवळ ४२ हजारांवर गेला. वाढलेले १२ हजार ना सीटला लागले, ना जेवणाला.

आपण हिशेबाला सोपे ४० हजार धरू. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास. म्हणजे त्या सात इंचांचं भाडं ताशी साडेचार हजारांच्या आसपास. आता जर्मनीला जाणाऱ्यांना ‘ब्लॉक्ड अकाउंट’ माहीत असेल. तिथलं सरकार विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्यासाठी महिन्याला ९९२ युरो धरतं. एक युरो शंभर रुपये पकडला, तर ४० हजारांत तुमचे तिथले बारा दिवस निघतात. एका पारड्यात नऊ तास, दुसऱ्यात बारा दिवस. नव्या शहरात पहिल्या महिन्यात घराचं डिपॉझिट, थंडीचं जॅकेट, गादी, भांडीकुंडी असं सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा हे बारा दिवस फार मोठे वाटतात.

आणि हे पैसे कुणाचे? आपल्यापैकी बरेच जण एज्युकेशन लोनवर जातात. परदेशी शिक्षणाच्या कर्जात प्रवासखर्चही धरता येतो, त्यामुळे तिकिटाचा आकडा खिशाला लगेच टोचत नाही. पण व्याज धावत असतं. दोन वर्षांचा कोर्स आणि नंतरची सहा महिन्यांची सवलत, अशी अडीच वर्षं १० टक्के सरळ व्याज लावून बघा. ४० हजारांचे ५० हजार होतात, आणि हप्ते तर त्यानंतर सुरू होणार. नऊ तास पाय पसरले म्हणून पंचविशीपर्यंत हप्ता भरायचा, हे काही मला पटत नाही.

‘‘पण तब्येतीचं काय?’’ हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. खूप वेळ बसून पायात रक्ताची गाठ होते, त्याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणतात, वगैरे. भीती निराधार नाही, नाव मात्र चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये याचा अभ्यास मांडला. चार तास किंवा जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो सहा हजारांत एकाला इतका कमी आहे. कारण आहे एका जागी हालचाल न करता बसणं. मग ते विमान असो, ट्रेन असो की बस. म्हणजे रुंद सीटवर दहा तास न हलता बसलेल्यापेक्षा इकॉनॉमीत दर दीड-दोन तासांनी उठून चक्कर मारणारा बरा. त्यासाठी आइलची, म्हणजे वाटेच्या कडेची सीट घ्या. खिडकी फोटोला छान असते, पण उठायचं म्हणजे झोपलेल्या दोन काकांना ओलांडून जायचं, म्हणून आपण उठतच नाही.

तरीही सरसकट ‘नाही’ म्हणणं अन्याय होईल. तुम्ही सहा फुटांच्या वर असाल, तर ३१ इंचांत गुडघे खरंच पुढच्या सीटला लागतात. तुमच्यासाठी हा चैनीचा विषय नाही. गुडघ्याचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालं असेल, रक्ताच्या गाठीचा आधीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि पैशाचा विचार नंतर करा. सोळा तासांचं न्यूयॉर्क आणि नऊ तासांचं फ्रँकफर्ट यांतही फरक आहे. तेच ४० हजार सोळा तासांवर पसरले, तर ताशी अडीच हजार पडतात. आणि कधी कधी दोन वर्गांतला फरक मुळातच कमी असतो. प्रीमियमवर जादा बॅग मिळत असेल आणि तुम्हाला ती तशीही विकत घ्यायचीच असेल, तर तिचे पैसे वजा करून बघा.

पण तो हिशेबही पूर्ण करा. बऱ्याच एअरलाइन्सकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं असतं, त्यात थोडी सूट आणि जादा सामान मिळतं. ते आधी तपासा, कारण लोणच्याच्या बरण्या आणि कुकर त्यातच बसून जातात. दुसरं, तुमच्या तिकिटात दोन विमानं असतील, तर दोन्हींत प्रीमियम इकॉनॉमी आहे का ते बघा. फ्रँकफर्टहून पुढे युरोपातल्या युरोपात जाणाऱ्या लुफ्तान्साच्या विमानांत हा वर्ग नसतो. एमिरेट्सच्याही सगळ्या विमानांत तो नाही. मोठ्या टप्प्यावर मिळाला तर ठीक, नाहीतर महागाचं तिकीट काढून साध्या सीटवर बसायची वेळ येते. तिसरं, अपग्रेडसाठी बोली लावायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. इकॉनॉमीचं तिकीट काढून ठेवा, प्रवास जवळ आला की झेपेल तेवढी बोली लावा. लागली तर लागली.

आणि थेट विमान मिळत असेल, तर ते इकॉनॉमीतलं असलं तरी, वाटेत पहाटे चारला उतरून सहा तास बाकावर काढायला लावणाऱ्या प्रीमियमपेक्षा मी तेच घेईन.

आता त्या दोन माणसांकडे येऊ.

दोन वर्षांनी तुमचं कॉन्व्होकेशन असेल. आई-बाबा येतील. कदाचित त्यांचा हा पहिलाच परदेश प्रवास असेल. बाबांची शुगर, आईचे गुडघे, रात्रभर बसलं की सुजणारे पाय. पिशवीत गोळ्यांचा डबा. आणि त्यांचं तिकीट कोणतं निघणार? सगळ्यात स्वस्त, दोन ठिकाणी उतरून जाणारं. ‘‘आम्हाला काय, कसंही चालतं’’, हे वाक्य तुम्हाला आत्ताच ऐकू येत असेल. आपल्या घरांमध्ये आराम असा उलटा वाटला जातो. ज्या शरीराला तो लागत नाही, त्याला आग्रहानं वाढतात, आणि ज्याला खरंच हवा असतो, ते ताट बाजूला सारतं.

त्या सात इंचांची गरज बाविशीतल्या पायांना कमी आणि साठीच्या गुडघ्यांना जास्त असते. दहा मिनिटं पाय लांब करता आले, उठताना हाताला टेकायला जागा मिळाली, चेक-इनला तासभर उभं राहावं लागलं नाही, की तोच खर्च वायफळ वाटत नाही. ज्या गोष्टींची वर मी थट्टा केली, त्यातल्या बऱ्याच त्यांच्यासाठी कामाच्या आहेत. लंडनला शिकणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना : ब्रिटनमधून निघताना प्रवाशांवर जो कर लागतो, तो सर्वांत खालच्या वर्गापेक्षा वरच्या वर्गात दुपटीहून जास्त असतो. त्यामुळे दोन्हीकडचं प्रीमियम झेपत नसेल, तर त्यांचं येतानाचं तेवढं प्रीमियम करा. परतीला इकॉनॉमीत आइलच्या सीट्स आधीच पैसे भरून पक्क्या करा.

म्हणून बाबा ‘‘आरामात जा’’ म्हणतील, तेव्हा वाद घालू नका. त्यांना त्यातून जे सांगायचंय ते तुम्हाला कळतंय, हे त्यांना कळू द्या. मग इकॉनॉमीचं तिकीट काढा आणि फरकाचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. कर्जातले असतील तर तेवढे उचलूच नका. घरचे असतील तर आईच्या नावानं एक छोटी एफडी करा आणि कॉन्व्होकेशनची तारीख कळली की मोडा. तेव्हा ‘‘कशाला उगाच’’ असं तेही म्हणतीलच. त्या वेळी मात्र त्यांचं ऐकायचं नाही.