रक्ताची उलटी : संशयाआधी उपचार

मारुंजी-हिंजवडी भागात पाळीची नोकरी, अवेळी जेवण आणि अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली गोळी हे घरोघरी चालते. त्यामुळे कुणाला रक्ताची उलटी झाली की पहिला संशय अल्सरवर जातो आणि दुसरा दारूवर. आपल्या घरांत हा दुसरा संशय फार लागतो. लोक काय म्हणतील, या धास्तीने आजार झाकला जातो. म्हणून आज आम्ही अशा काही कारणांविषयी लिहीत आहोत, ज्यांत दोष मुळात रक्तवाहिनीचा असतो.

पहिले कारण ड्यूलाफॉय या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाते. जठराच्या अस्तराखालची धमनी पुढे बारीक व्हायला हवी. काहींमध्ये ती जाडच राहते. वरचे अस्तर जरासे झिजले तरी ती फुटते. पोट दुखत नाही, एकदम भरपूर रक्त येते आणि कधी आपोआप थांबते. थांबल्यावर दुर्बिणीतूनही ती जागा सापडत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही पुन्हा रक्त आले, तर पुन्हा दुर्बीण तपासणी करावी लागते. जागा सापडली की बहुधा दुर्बिणीतूनच क्लिप लावून रक्त थांबवता येते.

दुसरे कारण बहुतेक वयस्क स्त्रियांत दिसते. जठरात फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे लाल पट्टे उमटतात, कलिंगडाच्या सालीसारखे. रक्त थेंबाथेंबाने जाते. अम्मीला सतत थकवा असेल, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका.

लहान मुलांत यकृताकडे जाणारी मोठी शीर बंद पडून अन्ननलिकेतील शिरा फुगतात व फुटतात. त्या मुलाने दारू पाहिलेलीही नसते!

पोटातील महाधमनीवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर थोडे रक्तही मोठ्या धोक्याची सूचना समजा.

रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, चक्कर, थंड घाम यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. दुर्बीण तपासणी आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय गाठा. खायला-प्यायला देऊ नका. चालू गोळ्या, विशेषतः वेदनाशामक व रक्त पातळ करणाऱ्या, सोबत न्या. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा.

रमजानात असे झाले तर इफ्तारपर्यंत थांबू नका. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे. रोजा नंतर भरता येतो. गेलेला वेळ मात्र भरून येत नाही.